ताठ आणि चिवट

सरांच्या हातात काही द्यायची सोय नव्हती. पेनाचं टोपण दिलं तर ते वाकवून बघायचे, पाण्याचा जग दिला तर त्याचा कान दाबून बघायचे, आणि एसटीत बसले तर समोरच्या सीटची मूठ ओढून बघायचे. त्या सीटवरचा माणूस वळून बघायचा. सर म्हणायचे, "तुमचं काय न्हाय पावणं, बसा. मूठ बघतोय." तो माणूस जरा पुढं सरकायचा आणि उतरेपर्यंत चारदा मागं बघायचा.

मी जयसिंगपूरची. प्लास्टिकचा डिप्लोमा करून शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागले. तिथं प्लास्टिकचे यंत्रांचे भाग तयार होत. माल बाहेर जायच्या आधी तो तपासणारी एक खोली होती, तिला सगळे टेस्टिंग रूम म्हणत. दोन टेबलं, नमुना ओढून तोडणारं एक मशीन, एक वजनकाटा आणि सर. एवढीच खोली. सर तेव्हा पन्नाशीला आलेले, उंच, किडकिडीत, चष्मा कायम कपाळावर. मूळचे सीमेलगतच्या गावचे लिंगायत. घरात कन्नड, बाहेर अस्सल कोल्हापुरी. आकडे मोजायचे ते मात्र कन्नडमध्येच, ओठ हलवत.

पहिल्या दिवशी मला वाटलं, मशीन दाखवतील. त्यांनी दुधाची रिकामी पिशवी घेतली, कात्रीनं तिची बोटभर रुंद पट्टी कापली आणि माझ्या हातात दिली.

"वड."

मी ओढली. फटकन तुटली. त्यांनी दुसरी पट्टी कापली.

"आता हळू वड."

हळू ओढल्यावर पट्टी मध्ये बारीक झाली, पांढुरकी पडली आणि लांबतच गेली.

"तेच प्लास्टिक, तेच हात. मगाशी घाई केलीस म्हणून तुटलं. आता हाय तिथं धरून ठेव, हलू नकोस."

मी धरून उभी राहिले. थोड्या वेळानं बोटांना लागणारी ओढ कमी झाल्यासारखी वाटली. मी तसं सांगितलं.

"व्हय की. लांबी तेवढीच हाय आणि आतल्या आत सैल पडलं. लोखंडाला एकदा इचारलं की पुरतं. ह्याला इचारायचं, थांबायचं, आणि परत इचारायचं. प्लास्टिक लगेच खरं बोलत न्हाय."

थांब म्हणून सांगणारा हा माणूस स्वतः दोन मिनिटं एका जागी ठरत नसे. मशीनवर नमुना चढवला की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. जेवताना डबा एका हातात आणि दुसऱ्या हातात कालचा तुटलेला नमुना. मी काही लिहीत असले की पाठीमागं येऊन उभे राहायचे आणि माझी पट्टी उचलून वाकवायचे. दिवसभर त्यांच्या सोबत राहून घरी गेले की मलाही स्वस्थ बसवत नसे. आई म्हणायची, "नोकरीला लागल्यापासून तुझ्या अंगात काय शिरलंय?"

लग्नकार्यात तर त्यांच्यासोबत जाऊच नये. आमच्या पॅकिंगमधल्या एकाच्या लग्नात ते अक्षता पडायच्या आधी खुर्च्यांच्या रांगांमधून फिरत होते, एकेक पाय दाबत. एका खुर्चीच्या पायाला केसाएवढी चीर दिसली. तिच्यावर नवरदेवाचा मामा बसलेला. सरांनी जाऊन त्याला उठा म्हणून सांगितलं. मामाला वाटलं, मानाची जागा दुसऱ्या कुणाला हवी आहे. तो रुसला. त्याची समजूत काढायला सगळा मांडव गोळा झाला, आणि सर खुर्ची डोक्यावर घेऊन मांडवाबाहेर निघून गेले.

कळंब्याला त्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत छताच्या हुकाला एक पांढरी प्लास्टिकची पट्टी बांधली होती आणि पट्टीच्या खालच्या टोकाला भाजकी वीट. मागं भिंतीवर पेन्सिलच्या बारीक रेघा, एकीखाली एक. पट्टी किती लांबली ते बघून दर रविवारी सर रेघ मारायचे. ते गावाला गेले तर काकू मारायच्या. मी एकदा काकूंना विचारलं, याचा त्रास नाही होत? त्या म्हणाल्या, "सवय झाली गं. रंग द्यायला माणसं आली की तेवढी भिंत सोडा म्हणून सांगायचं, बास."

त्या विटेचं पुढं काय झालं ते मला त्यांच्या मुलीनं सांगितलं. तिला बघायला इचलकरंजीकडची मंडळी आली होती. मुलाचे वडील सुरुवातीपासून विटेकडं बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "पावणं, घरात वीट कशापायी टांगलीया?" सर सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात पट्टी तुटली आणि वीट धाडकन फरशीवर आली. फरशीचा टवका उडाला. मुलगी साडी सावरत चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाली, "अकरा वीस, अप्पा."

सर तोपर्यंत फरशीवर गुडघे टेकून पट्टीचं तुटलेलं टोक उजेडाकडं धरून बसले होते. "पाच वर्षं धरलंतं हिनं," ते पाहुण्यांना म्हणाले. "आज तुटली न्हाय ही. पाच वर्षं तुटतच हुती, आपल्याला आज दिसलं." पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. पत्रिका जुळत नसल्याचा निरोप संध्याकाळी आला. मुलीनं नंतर आपल्या पसंतीनं लग्न केलं. घड्याळ बघून वेळ सांगितल्याबद्दल सर तिला कधी काही बोलले नाहीत, पण ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा व्हायचा.

आता जे सांगायचं ते सांगते. इथपर्यंत मी ते टाळत आले.

आमच्या कारखान्याचा मोठा माल म्हणजे पिकर. इचलकरंजीच्या साध्या यंत्रमागात आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं पळत असतो, डोळ्याला नीट दिसतही नाही इतका जोरात. त्याला दोन्ही बाजूंनी ठोसा मारून पळवणारा मुठीएवढा तुकडा म्हणजे पिकर. पूर्वी तो कातड्याचा असे, आमचा नायलॉनचा. पिकर ऐन ठोशात फुटला तर धोटा वाट सोडतो, आणि टोकांना लोखंड बसवलेलं ते लाकूड समोर जो असेल त्याच्यावर येतं.

नायलॉनची एक गंमत आहे. साच्यातून नुकता निघालेला तुकडा अगदी कोरडा असतो. तो ताठ असतो, पण ठोसा लागला की काचेसारखा तडकतो. त्याला गरम पाण्यात ठेवावं लागतं. पाणी आत मुरलं की तो जरा मऊ पडतो आणि मग मार खाऊनही टिकतो. आमच्याकडं त्यासाठी एक मोठी टाकी होती, तिच्यात हीटर. सर त्याला पिकरची आंघोळ म्हणायचे.

त्या वर्षी सरांचे थोरले भाऊ वारले आणि ते दहा-बारा दिवसांसाठी गावी गेले. नोकरीत त्यांनी घेतलेली ती पहिलीच लांब रजा असावी. ते गेले आणि दोन दिवसांत टाकीचा हीटर जळाला. नवीन यायला वेळ लागणार होता. इचलकरंजीचा व्यापारी रोज फोन करत होता. प्रॉडक्शनचे सुपरवायझर माझ्याकडं आले, म्हणाले, "तू मशीनवर लावून तर बघ. पास झालं तर पाठवू, न्हाय झालं तर थांबू."

मी आंघोळ न झालेले नमुने लावले. आकडा नेहमीपेक्षा वर गेला. मी दुसरा लावला, तिसरा लावला. प्रत्येक वेळी वर. जास्त ओढ सोसून मगच नमुना तुटत होता. मला आनंद झाला. खरंच झाला, तो मी लपवत नाही. सर नसताना मी एकटीनं खोली सांभाळली आणि माल नेहमीपेक्षा सरस निघाला, असं मला वाटलं. मी रिपोर्टवर सही केली. मालक स्वतः खोलीत येऊन शाबास म्हणून गेले. चार पोती माल गेला.

सर परत आले ते हेल्मेट डोक्यावर ठेवूनच खोलीत शिरले. दाढी वाढलेली, चेहरा सुकलेला. मी भावाबद्दल काही बोलायच्या आत त्यांनी वही ओढली. आलेखांचे कागद उलटता उलटता थांबले.

"हे कधीचं?"

मी सांगितलं. आकडा वाढलाय, हेही सांगितलं.

त्यांनी शिल्लक ठेवलेला एक पिकर उचलून काट्यावर ठेवला. मग कपाटातला जुना, आंघोळ झालेला पिकर ठेवला. नवा हलका भरला. ते दोन्ही घेऊन बाहेर गेले, मी मागोमाग. खोलीच्या पायरीवर त्यांनी जुना ठेवला आणि हातोडा हाणला. तो उडून बाजूला पडला, शाबूत. नवा ठेवला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला त्याचे दोन तुकडे झाले.

सरांनी ते तुकडे माझ्या हातात दिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ताठ हाय हे," ते म्हणाले. "चिवट न्हाय. वडायला ताठ चालतंय, मार खायला चिवट लागतंय. आणि तू फक्त वडून बघितलंस."

आम्ही मालकांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि चारही पोती परत आणायला हवीत म्हणाले. मालक वाईट माणूस नव्हते. पण बाजाराचा माणूस होते.

"सर, रिपोर्टला आकडा तर वाढलाय की."

"वाढलाय म्हणूनच घाबरलोय."

"एवढा माल परत बोलावला तर नाव जाईल आपलं. फुटतील ते बदलून देऊ. कुणाला नाही म्हणणार नाही."

"फुटला हे कळणार कसं? धोटा कुणाला लागला की?"

मालक माझ्याकडं बघत म्हणाले, "सही हिची आहे ना?"

मला वाटलं, आता सर मला पाठीशी घालतील. सर म्हणाले, "व्हय, सही तिची. आणि काय-काय तपासायचं ती यादी माझी. यादीत वजन न्हाय, ठोसा न्हाय. मी हाय म्हणून चालतंय असं धरून मी ते कधी लिहिलंच न्हाय. तवा दोघांची चूक. माल आणायला दोघं जातो."

मालक गाडी देतो म्हणाले नाहीत, जाऊ नका असंही म्हणाले नाहीत. सरांनी आंघोळ झालेल्या पिकरचं एक पोतं स्कूटरच्या पुढच्या बाजूला उभं केलं, मी मागं बसले, आणि आम्ही हातकणंगल्यावरून इचलकरंजीला निघालो. सर गाडी चालवतानाही मधेच ब्रेकची मूठ आवळायचे, सोडायचे.

व्यापाऱ्यानं कुरकुर करत न खपलेला माल बाजूला काढला आणि आठ कारखान्यांची नावं दिली. यंत्रमागाच्या शेडमध्ये मी त्याआधी कधी गेले नव्हते. आत शिरलं की आवाज छातीत घुसतो, शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून ओळखावं लागतं. दोन मागांच्या मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. सर त्या वाटेनं चालत प्रत्येक मागाशी वाकून पिकर बघायचे, आमचा दिसला की माग थांबवा म्हणून हात वर करायचे. काही ठिकाणी लगेच थांबवले. काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एका मालकानं विचारलं, "चालू माग बंद करायला तुम्ही कोण?" सर म्हणाले, "ज्यानं हे पाठवलंय तो." बदललेला प्रत्येक पिकर ते पोत्यात टाकायचे आणि ओठ हलवून मोजायचे.

तिसऱ्या कारखान्यात एक माग बंद होता. त्याच्या बाजूला स्टुलावर एक माणूस बसलेला, डाव्या गालावर पट्टी, डोळा सुजून मिटलेला. आदल्या दिवशी पिकर फुटला होता. डॉक्टरांनी गालाला टाके घातले होते. धोटा दोन बोटं वर लागला असता तर डोळा गेला असता. तो विजापूरकडचा होता. सर त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि कन्नडमध्ये बोलू लागले. मला त्यातलं फार कळत नव्हतं. तो मात्र शांतपणे उत्तरं देत होता, एकदा हसलाही.

मला राहवलं नाही. मी मराठीत म्हणाले, "भाऊ, त्या मालाच्या रिपोर्टवर सही माझी होती."

त्यानं उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "सही म्हंजे?"

मी काय सांगणार होते? त्याच्या गालाचा आणि माझ्या सहीचा काय संबंध, हे त्याला माहीतच नव्हतं. मी नुसतीच हात जोडून उभी राहिले. तो अवघडला आणि म्हणाला, "बसा ताई, चहा सांगतो."

बाहेर आल्यावर मी सरांना विचारलं, तो तुम्हाला काय म्हणाला. सर स्कूटरला किक मारत होते. थांबले.

"म्हणाला, धोटा उडतोच, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलाय." त्यांनी परत किक मारली. गाडी चालू झाली नाही. "उडतोच म्हणतोय. आपण फुटकं द्यायचं आणि त्यांनी उडतोच म्हणायचं."

तीन दिवस आम्ही फिरत होतो. रोज सकाळी मी जयसिंगपूरहून थेट इचलकरंजीला जायची. शेवटी पाच पिकर मिळाले नाहीत. ते कुठल्या मागावर बसले, फुटले की चालले, मला आजही माहीत नाही. अधूनमधून ते पाच मनात येतात, आणि मग हातातलं काम बाजूला ठेवून मी उगाच उठून दारापर्यंत जाऊन येते.

मालकांनी सरांना काढलं नाही. गोदामात बसवलं. पावत्या लिहायच्या आणि पोती मोजायची. टेस्टिंग रूम माझ्याकडं आली. मी नोकरी सोडते म्हणाले. तेव्हा माझ्याच पगारावर घर चालायचं, पण तरी म्हणाले. सर गोदामातून तरातरा आले.

"का सोडतीस? तुझ्या जागेवर नवा येईल तो काय करंल? आकडा बघंल आणि सही करंल. तुला आता भ्या वाटतंय नव्हं? तेच पायजे हितं."

मी राहिले, आणि राहायला कारण मिळालं म्हणून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला पुष्कळ दिवस पुरली. यादीत मी दोन ओळी वाढवल्या, वजन आणि ठोसा. मालकांनी न बोलता सही केली. सर दोन महिने गोदामात टिकले. मग राजीनामा दिला आणि एका तंत्रनिकेतनात तासावर शिकवू लागले. तिथली पोरं त्यांना घाबरायची आणि त्यांच्या नकला करायची. माझ्याकडं शिकाऊ म्हणून आलेल्या एकानं मला सरांचीच नक्कल करून दाखवली होती, मी त्यांना ओळखते हे त्याला ठाऊक नव्हतं. फार छान केली. मी त्याला काही सांगितलं नाही.

विजापूरकडचा तो विणकर पुढं दोन वर्षं त्याच शेडमध्ये होता. सर मधूनमधून त्याला भेटायला जायचे, हे मला काकूंकडून कळलं. काय बोलायचे कुणास ठाऊक. नंतर शेड विकली गेली, नवे माग आले, आणि तो गावी परत गेला.

गेल्या हिवाळ्यात सरांचा उजवा गुडघा बदलला. मी कळंब्याला बघायला गेले तर ते वॉकर घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. काकू दारातूनच म्हणाल्या, "आलीस? समजाव जरा. डॉक्टरांनी दहा मिनिटं चाला म्हणून सांगितलंय, हे तासभर चालतात. आणि त्या डॉक्टरांचं तर डोकं खाल्लंय."

"डोकं काय खाल्लंय?" सर गॅलरीतून बोलले. "आत बसवलंय त्याचा रिपोर्ट मागितला. माझ्याच पायात हाय, मला बघायचा हक्क न्हाय?"

"मग दिला?"

"कंपनीकडं असतोय म्हणाले. कोण सही करतंय तेबी त्यांना ठावं न्हाय."

हे म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी काकूंना हाक मारून एक्स-रे मागवला, पाकिटातून काढला आणि गॅलरीच्या काचेवर उजेडात धरला. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, दोन्हींच्या टोकांना पांढराशुभ्र धातू. मध्ये बोटभर काळी जागा.

"काय दिसतंय?"

"वर धातू, खाली धातू."

"आणि मधी?"

"मध्ये काही नाही."

"प्लास्टिक हाय तिथं. एक्स-रेत येत न्हाय ते." त्यांनी काळ्या जागेवर नख ठेवलं. "डॉक्टरबी हाच फोटो बघतोय आणि म्हणतोय, सगळं झकास हाय. आणि मी उभा हाय तो नेमका ह्याच्यावर."

त्यांनी फिल्म माझ्या हातात दिली. मी ती उजेडात धरून बघत राहिले. पाठीमागं वॉकर घासत ते गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते.